दवाखान्याची फरशी

४ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

तुझं कार्ड मिळालं. सात महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. "बाबांनी मला बोलवायला सांगितलं होतं का? खरं सांगणार असशील तरच लिही, नाहीतर लिहू नकोस." एवढंच. वर 'प्रिय आई' नाही, खाली सही नाही. असू दे. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा कार्ड आलं हेच मला पुष्कळ झालं.

उत्तर देणार आहे. आज नाही. आज दुसरं सांगते, आणि ते वाचून तू चिडणार म्हणून आधीच उरकून टाकते. मी कामाला लागले आहे. मिस्त्रीकाकांच्या हाताखाली, मोझॅकच्या फरशीच्या कामावर. शिकाऊ म्हणून. बावन्नाव्या वर्षी.

पत्र फाडू नकोस. तू काय म्हणशील ते मला इथून ऐकू येतंय. ज्या धुळीने बाबा गेले त्याच धुळीत तू निघालीस? पण बाबांच्या छातीत गेली ती कडांची धूळ. मधली फरशी मशीनने पाणी सोडून घासतात, तिथे धूळ उडत नाही, चिखल होतो. कडा मात्र हातमशीनने घासाव्या लागतात, आणि पाणी वापरलं तर भिंती खराब होतात म्हणून घरमालक कुरकुरायचे. मग बाबा कडा कोरड्या घासायचे, तोंडाला एक फडकं बांधून. आता काका कडासुद्धा ओल्याच घासतात. भिंतीला प्लास्टिक लावतात आणि मालक कुरकुरला तर त्याला बाबांचं नाव सांगतात.

तर झालं असं. काका बाबांची कामावर राहिलेली थापी परत द्यायला आले होते. थापी माझ्या हातात दिली आणि चहा न घेताच निघाले. मी दारातच म्हटलं, "भावोजी, मला शिकवाल का?"

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, "वहिनी, गुडघे कसे आहेत?"

"तुमच्यापेक्षा बरे."

"मग सोमवारी या."

का गेले ते सांगते. तीस वर्षं हा माणूस सकाळी डोक्याला फडकं गुंडाळून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरा होऊन यायचा. मधले दहा तास तो कुठे असायचा, काय करायचा, मला ठाऊक नव्हतं. मी हाताला लागेल ते पुस्तक वाचत आले. परक्या लोकांची आयुष्यं वाचली. आणि माझ्या नवऱ्याचा एक दिवस मला सांगता येत नाही.

पहिला आठवडा मी फक्त खडी धुतली. संगमरवराची बारीक खडी, काळी, पांढरी आणि विटकरी. पाच पाण्यांनी. शेवटचं पाणी पिण्याइतकं स्वच्छ निघेपर्यंत. खडीला भुकटी राहिली तर सिमेंट तिला धरत नाही, आणि घासताना ती उपटून येते. मला वाटलं होतं मी चांगली धुतली. काकांनी पाण्यात बोट घातलं, उन्हात धरलं आणि घमेलं परत माझ्यापुढे सरकवलं.

तुझी
आई


१९ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

नाही. त्यांनी तुला बोलवायला सांगितलं नव्हतं. त्यांना तुझी परीक्षा व्हायला हवी होती. आजार तुझ्यापासून लपवायचा हे त्यांचंच ठरलेलं होतं, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

झालं. आता यावर लिहीत नाही.

बाबा गेल्यावर तू आलीस आणि कपाटातून त्यांच्या दवाखान्याच्या कागदांची फाईल काढलीस, ते मला रोज दिसतं. तू नर्स होणारी मुलगी. तुला दोन मिनिटं लागली. आठ महिन्यांच्या तारखा तू बोटाने मोजल्यास आणि म्हणालीस, "हे सगळं तुला वाचता येत होतं, आई. तुला वाचायला मीच शिकवलं ना?" मग तिसऱ्या दिवशी तू गेलीस. खरं आहे, तूच शिकवलंस. सहा वर्षांची होतीस. माझ्यापुढे पाटी धरून पट्टीने माझ्या बोटांवर मारायचीस. बाबा म्हणायचे, "मास्तरीण कडक आहे, पण शाळा चांगली आहे."

काम दवाखान्याचं आहे. रोगी बसतात ती बाहेरची मोठी खोली. काका म्हणाले, इथे फरशी चांगलीच व्हायला हवी. मी विचारलं का. म्हणाले, "दवाखान्यात माणूस वर बघत नाही, वहिनी. खाली बघतो." हे मला कोणी सांगायला नको होतं. आठ महिने मी अशाच खोल्यांमधून खाली बघत बसले होते.

इथे तिसरा माणूस मशीनवाला. साठीचा. मशीनच्या घरघरीने त्याचे कान गेले आहेत, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणून जगालाही ऐकू येत नसेल असं धरून तो बोलतो. त्याला सगळे भोंगा म्हणतात. पहिल्याच दिवशी त्याने मला जवळ बोलावलं आणि "कोणाला सांगू नका, पण मिस्त्रीला गोड बोललं की सुट्टी मिळते" असं चार घरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. काका बाहेरून ओरडले, "मिळत नाही!"

आता मला पट्ट्या बसवायला देतात. जमिनीवर आधी पितळी पट्ट्यांचे चौकोन आखतात, आणि एकेका चौकोनात रंगीत सिमेंटचा माल ओततात. मला वाटायचं पट्ट्या शोभेच्या. काका म्हणाले, "शोभेच्या आहेतच, पण फरशी तडकायची झाली तर ती पट्टीशी थांबते. आणि आपलं काही चुकलं तर आपणही पट्टीशीच थांबायचं."

तुझी
आई


६ डिसेंबर

मास्तरीणबाई,

तुझं पत्र आलं. तीन पानं!

मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून. "तूसुद्धा एकटीच होतीस ना तेव्हा, आणि मी तुलाच बोल लावत बसले" असं तू लिहिलंस. त्या ओळीपुढे मला जाता येईना. असं लिहायचं कारण नव्हतं. तुझा राग बरोबर होता. तू माझी माफी मागायची नाहीस. एवढं एक माझं ऐक.

१८ जानेवारीला येते आहेस. चार दिवसांची रजा. सकाळची गाडी. तुझी खोली झाडून ठेवली, मग म्हटलं अजून सहा आठवडे आहेत, पुन्हा झाडावी लागेल. झाडेन.

कामावर काकांनी ओळखलं. "काय वहिनी, लॉटरी लागली?"

"लेक येतेय."

त्यांच्या हातातली थापी थांबली. त्यांनी विचारलं, "बोललात तिच्याशी? सगळं?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले. नंतर दिवसभर ते माझ्याशी फार चांगलं वागले. मला ते नको वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात माल ओतायचा. माझ्याकडे एक जबाबदारीचं काम दिलंय. सिमेंटमध्ये रंगाची भुकटी मिसळायची ती सगळ्या खोलीची एकदाच, कोरडी, आणि त्यातली दोन घमेली आधी बाजूला काढून झाकणाच्या बादलीत ठेवायची. ओतल्यावर फरशी आठवडाभर भिजत ठेवतात, मग पहिली घासाई होते. घासली की तिच्यात बारीक भोकं उघडी पडतात. ती त्या बादलीतल्याच मालाने बुजवायची. दुसरा रंग कालवून चालत नाही. तीच भुकटी, तेच सिमेंट, तोच हात असला तरी दुसऱ्या दिवशीचा रंग वेगळा येतो. बादली माझ्या ताब्यात आहे.

तुला हल्ली जेवण नीट मिळतं का, ते लिहिलं नाहीस.

तुझी
आई


२१ डिसेंबर

मास्तरीणबाई,

घाईत लिहितेय. फरशी ओतून झाली, भिजवून झाली, पहिली घासाई झाली. ओतायच्या दिवशी सकाळी सातला सुरू केलं. मी, काका, भोंगा, तिघंही गुडघ्यांवर. ओल्या मालावर खडी पेरायची, रूळ फिरवायचा, पाणी वर आलं की थापीने दाबायचं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "हात अगदी त्याच्यासारखा चालतो तुमचा." मी तोंड वळवलं.

शेवटच्या चौकोनाला माल थोडा कमी पडत होता. भागवलं.

भोकंही बुजवून झाली. ती मीच बुजवली, तीन दिवस लागले. ओली असताना सगळी फरशी एकसारखी, सुंदर दिसते.

तू लिहिलंस की आपण दोघी मिळून बाबांचे कपडे बघू. बघू. तू विचारलंस की शेवटी त्यांना फार त्रास झाला का, ते कशाबद्दल बोलायचे. तू आल्यावर सांगते म्हणाले असते, पण पत्रात इतकंच लिहिते की ते शांत होते.

थंडी आहे तिकडे? स्वेटर घाल.

तुझी
आई


९ जानेवारी

मास्तरीणबाई,

हे पत्र तुला १८ तारखेच्या आधी मिळावं म्हणून आजच टाकणार आहे. सगळं वाच. मग तिकिटाचं काय करायचं ते ठरव.

चार दिवसांपूर्वी फरशीला शेवटचं पॉलिश झालं. पाणी पुसलं, खिडक्या उघडल्या, आणि दुपारपर्यंत फरशी वाळली. वाळत गेली तसे तिच्यावर ठिपके वर यायला लागले. मुगाच्या दाण्याएवढे, फिकट. खोलीभर. कांजिण्या झालेल्या पोराच्या पाठीसारखी दिसत होती ती.

मला ठाऊक होतं ते कशाचे. शेवटच्या चौकोनाला माल कमी पडला तेव्हा काका पाणी प्यायला बाहेर गेले होते. मी झाकणाच्या बादलीतला माल काढला आणि चौकोन पुरा केला. विचारायला गेले असते तर दोन मिनिटं लागली असती. पण ते नुकतेच म्हणाले होते की माझा हात तुझ्या बाबांसारखा चालतो. मग भोकं बुजवायला बादलीत काही उरलं नाही, तेव्हा मी घरून येताना डोळ्याच्या अंदाजाने रंग कालवून आणला. ओला असताना तो हुबेहूब जुळला. मला वाटलं निभावलं.

ठिपके वर आले त्या दुपारी खोलीत मी आणि भोंगा दोघंच होतो. मी काय केलं सांगू? मी भोंग्यापाशी गेले आणि त्याला हळूच सांगितलं. म्हटलं, हा बहिरा. याला सांगितलं की सांगितल्याचं समाधान मिळेल आणि कळणार कोणालाच नाही. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग कानामागे हात धरून गरजला, "काय? राखलेली बादली तुम्ही वापरलीत? आणि घरचा रंग भरलात?"

काका दारातच होते.

ते आत आले. खाली बसले. एका ठिपक्यावर अंगठा फिरवला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "त्याच वेळी बोलला असतात तर आपण पट्टीशी थांबलो असतो. शेवटचा चौकोन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रंगात ओतला असता. लोकांना नक्षी वाटली असती."

मी म्हटलं, "चुकले, भावोजी."

"चुका मी रोज करतो. त्याचं काही नाही. पण चार आठवडे तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवलात, वहिनी."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पोरीला कळवलं होतंत का हो तुम्ही? तेव्हा?"

मी खाली ठिपक्यांकडे बघत राहिले. त्यांना कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि उठून बाहेर गेले. भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला. म्हणाला, "पाणी प्या."

फरशीचं सांगून टाकते. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना मीच सांगितलं. काका बरोबर आले होते. बाई म्हणाल्या, राहू द्या. काका म्हणाले, राहू देणार नाही. दाराजवळचे चार चौकोन फोडून पुन्हा करायचे, बाकीचे तसेच राहणार. मी कालपासून छिन्नीने फोडतेय. मला कामावरून काढलेलं नाही. बादली मात्र आता भोंग्याकडे आहे.

आता तुझा प्रश्न.

मी तुला खोटं लिहिलं. त्यांनी सांगितलं होतं.

जायच्या अकरा दिवस आधी. तोपर्यंत 'तिला कळवू नका' हेच चाललं होतं, ते खरं आहे. पण त्या सकाळी त्यांचा श्वास एकदोन शब्दांपुरताच उरला होता, आणि ते म्हणाले, "बोलाव तिला." मिस्त्रीकाका पलंगापाशी बसलेले होते. मी म्हटलं, बोलावते. फोन घेऊन बाहेर जिन्यावर गेले. एक फोन करायला लागेल इतका वेळ तिथे उभी राहिले. मग आत येऊन म्हटलं, "झालं बोलणं. निघतेय ती."

मी फोन केला नव्हता.

परीक्षेसाठी नव्हे. स्वतःला मी नऊ महिने तेच सांगत आले, पण ते खरं नाही. तुला बोलावलं असतं तर ते जाणार हे ठरून गेलं असतं. डॉक्टर सांगत होते, कागदांवर लिहिलेलं होतं, मला वाचता येत होतं. तरी तुला बोलावलेलं नाही तोवर ते आजारी आहेत, एवढंच होतं. तुझ्या येण्यावर मी ते सगळं ठेवलं होतं. तू आली नाहीस तर ते जाणार नाहीत.

आणि आणखी एक आहे. ते लिहायला लाज वाटते. तीस वर्षांत पहिल्यांदा ते दिवसभर घरी होते. त्यांचं तोंड पुसायचं, उशी वळवायची, पेपर वाचून दाखवायचा. ते दिवस मला एकटीला हवे होते. तू आली असतीस तर तू नर्स, तुझे हात माझ्यापेक्षा चांगले.

मधल्या रविवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, बाबा कुठेत? मी जिन्यावर जाऊन तुला सांगितलं की कामावर गेलेत, रविवार असून. तू हसलीस आणि म्हणालीस, त्यांना सांग, जरा आराम करा. आत आले तर त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, कोण? मी म्हटलं, शेजारीण.

रोज ते विचारायचे, "मास्तरीण निघाली?" मी म्हणायचे, निघाली, लांबचा प्रवास आहे. तुला पहिल्यांदा तिकडे सोडायला तेच आले होते. किती तास लागतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. चौथ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. काकांना खूण करून दाढी करून घेतली. पलंग दाराच्या समोर सरकवायला लावला. मग दाराकडे बघत राहायचे. त्या चौथ्या दिवशी मी फोन केला असता तरी तू पोचली असतीस. सातव्या दिवशी केला असता तरीही. मी रोज हिशेब करत होते की आजही वेळ आहे.

तेव्हा ते शांत होते हेसुद्धा मी खोटंच लिहिलं. ते वाट बघत होते.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. तुझी तीन पानं मी परत पाठवतेय, ती तू दुसऱ्या कोणालातरी लिहिली होतीस. तू येणार नसशील तर कळवू नकोस, मी समजेन. येणार असशील तर काकांना भेट. मी यातलं काही कमीजास्त लिहिलं असलं तर ते सांगतील. ते तिथे होते.

एक राहिलं. ते तुझं आहे आणि ते तुला मिळायलाच हवं.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी माझा हात ओढला. मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला. चार श्वास लागले त्यांना. मला वाटलं, त्यांनी माझं खोटं ओळखलं, आता मला विचारतील. तसं काही नव्हतं. ते म्हणाले,

"ती आली की... उशीर झाला म्हणून... रागवू नकोस... तिच्यावर."

आई